मावळे कपाटात आणि किल्ला राहून गेला

रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय चाळिशीच्या आसपास, घरी यजमान, सासूबाई आणि तिसरीत जाणारा मुलगा. घरीच शिकवण्या घेतात. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायची चित्रं, म्हणजे छोट्या मूर्ती, त्या जमवतात, पण सगळी नाहीत, एकच: दरवाजाशी भाला घेऊन उभा असतो तो पहारेकरी मावळा. माहेरच्या किल्ल्यावरचा एक मावळा लग्नानंतर त्यांच्याबरोबर आला. पुढे बाजारात तसाच पण जरा वेगळा दिसला की त्या घेत गेल्या. कुणाचं पागोटं लाल, कुणाचं हिरवं. कुणाचा डावा हात कमरेवर, कुणाचा ढालीवर. एकाला तर मिशाच नाहीत. आता ते १५० च्या वर झालेत.

यजमान म्हणतात, "एकच माणूस दीडशे वेळा!" सासूबाई म्हणतात, सणाची वस्तू सणाला बाहेर निघाली पाहिजे, ती अशी डब्यात कोंडायची नाही. मुलाला मावळे किल्ल्यावर हवे होते. गेल्या दिवाळीत ताई नाही म्हणाल्या, तर त्याने किल्लाच केला नाही. त्यात पावसाळ्यात एका खोक्यातल्या मावळ्यांना बुरशी धरली. फोनवरून एका विक्रेत्याकडून 'जुना, दुर्मिळ' म्हणून १,८०० रुपयांना एक मावळा घेतला, त्याबद्दल घरात अजून कुणालाच माहीत नाही. ताई विचारतात: हा वेडेपणा आहे का? मुलाला मावळे द्यावेत का? यातला अस्सल मावळा ओळखायचा कसा? आणि संग्रह पूर्ण झाल्यावर थांबेन असं ठरवलंय, पण तो पूर्ण कधी होणार?

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे सगळे त्यातच अडकलेत. संग्रह पूर्ण होणार नाही. तुम्हाला नाउमेद करायचं म्हणून हे सांगत नाही. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याकडे यादी असते. कुठलं तिकीट कधी निघालं, किती किमतीचं, हे छापलेलं असतं आणि शेवटची जागा भरली की वही मिटता येते. तुमच्या पहारेकऱ्याची यादी कुणी केलेलीच नाही. ज्या पडवीत तो रंगला तिथे त्या दिवशी वाटीत जो रंग होता तो त्याच्या पागोट्याला लागला. हिरवा संपला म्हणून निळा आला. रंगवणारा हात बदलला म्हणून मिशी बारीक झाली. दर दिवाळीला असे नवे मावळे तयार होतात, त्यामुळे त्यांचे प्रकार मोजून संपायचे नाहीत.

तुमच्या पत्रात 'पूर्ण' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. मला वाटतं, महागडी खरेदी, ती लपवणं आणि मुलाला दिलेला नकार, तिन्ही गोष्टी त्या एका शब्दातून आल्यात. एक जरी फुटला तर पूर्ण कसा होणार, एक जरी सुटला तर पूर्ण कसा होणार, ही धास्ती तुम्ही इतकी वर्षं बाळगलीत. ती सोडून द्या. मग या मावळ्यांकडे बघायला तुम्हाला खरी सवड मिळेल.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मला पटत नाही. एकच माणूस दीडशे वेळा, असं ते लांबून बघितल्यावरच वाटतं. एका दुपारी, मुलगा शाळेत असताना, सारख्या उभ्या असलेल्या चार-पाच मावळ्यांना खिडकीजवळच्या उजेडात पाट ठेवून त्यावर मांडा. तोंडं भिंतीकडे करा आणि आधी पाठी बघा.

ही चित्रं साच्यातली असतात. मूळ मूर्ती कुणीतरी हाताने घडवतो. तिच्यावरून साचा काढतात, बहुधा दोन भागांचा, पुढचा आणि पाठचा. दोन्ही भाग जिथे जुळतात तिथे मूर्तीच्या अंगावर दोन्ही बाजूंनी बारीक रेघ उठते. सवडीने काम करणारा कारागीर ती ओल्या बोटाने पुसून घेतो, दिवाळीच्या घाईतला तिच्यावरूनच रंग मारतो. तुमच्या मावळ्यांची ही जोडाची रेघ बघा. काखेतून खाली जाते, की दंडाच्या बाहेरून? दोघांची रेघ वेगळ्या जागेने जात असेल तर ते दोघे वेगळ्या साच्यांतले, मग त्यांचे रंग कितीही सारखे असोत. रेघ त्याच जागेने जात असेल आणि अंगावरच्या चुण्याही जुळत असतील, तर एक लाल पागोट्याचा आणि एक हिरव्या पागोट्याचा असूनही ते बहुधा एकाच घरचे. रंगावरून केलेली तुमची सगळी मांडणी या एका रेघेने बदलून जाईल.

आता पट्टी घेऊन उंची मोजा. दोघांची उभं राहायची ढब तीच, शेल्याच्या चुण्याही त्याच, पण एक जरासा बुटका आणि त्याच्या मुठीची बोटं नीट सुटी दिसत नाहीत, असं एखाद्या जोडीत नक्की सापडेल. होतं असं की, बाजारातून आणलेल्या चित्रावरूनच कुणीतरी नवा साचा काढतो. शाडू वाळताना आकसते. म्हणजे साच्यातून निघालेला मातीचा मावळा साच्यापेक्षा लहान असतो. त्याच्यावरून पुन्हा साचा काढला की पुढचा मावळा आणखी लहान. प्लास्टरचं उलट आहे. ते घट्ट होताना आकसत नाही, फुगलंच तर किंचित फुगतं. त्यामुळे प्लास्टरच्या नकलेची उंची जवळजवळ तीच राहते, फक्त नाक, बोटं, चुण्या बोथट होत जातात. उंची आणि धार या दोन खुणा एकत्र बघितल्या, की तुमच्या मावळ्यांत आजोबा कोण आणि नातू कोण हे बऱ्यापैकी सांगता येईल.

आणखी एक. एखाद्याच्या कमरपट्ट्याजवळ खोक दिसली तर लगेच तुटला म्हणून बाजूला काढू नका. दुसऱ्यांच्या कमरा बघा. त्याच जागी तीच खोक चौघांना असेल तर ती साच्यातच होती. असा दोष म्हणजे त्या साच्याची ओळखच, कितीही रंग चढवला तरी ती जात नाही.

आता अस्सलचा प्रश्न. मालवणच्या सिंधुदुर्गात शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. तिथली शिवाजी महाराजांची मूर्ती बिनदाढीची आहे. आपण लहानपणापासून चित्रांत, कॅलेंडरांवर पाहिलेल्या रूपासारखी ती दिसत नाही. तरी पिढ्यान्पिढ्या किनाऱ्यावरची माणसं तिच्यापुढे हात जोडत आली आहेत, आणि मूर्ती चुकली असं कुणी म्हणालेलं नाही. तुमचा मिशा नसलेला मावळाही चुकलेला नाही. एखाद्या रंगवणाऱ्याने तो तसा ठेवला किंवा त्याच्याकडून राहून गेला. कसंही असलं तरी तो तितकाच अस्सल आहे.

तुम्ही ओघात लिहिलंय की शेजारच्या आजींनी एक जुना मावळा देऊ केला होता, पण त्याच्या हातात तारेच्या भाल्याऐवजी खराट्याचा हीर खोचलेला, म्हणून 'बिघडलेला' म्हणून तुम्ही परत केला. ताई, तो घरी आणा. घाटावरून आलेल्या मावळ्याचा तारेचा भाला इथल्या खाऱ्या हवेत गंजून गळून पडला असणार. मग या गावातल्या कुठल्यातरी पोराने अंगणातला खराटा धरला, माडाच्या झावळीचा एक हीर उपसला, बेताचा मोडला आणि त्याच्या मुठीत बसवला. तुमच्या दीडशेंमध्ये कोकणात राहिल्याची खूण अंगावर असलेला कदाचित तेवढा एकच निघेल. आजींना विचारा, तो कुणाच्या किल्ल्यावर होता. त्यांनी सांगितलेलं नाव लिहून ठेवा.

लिहून ठेवा, हे मी सगळ्याच मावळ्यांबद्दल म्हणते. साधी दोनशे पानी वही पुरे. एका मावळ्याला एक पान. कुठून आणला, कुणाकडून, कुठल्या वर्षी, किती रुपयांना, उंची, माती की प्लास्टर, भाला कशाचा, रेघ कुठून जाते. आठवत नसेल तिथे 'आठवत नाही' असंच लिहा, अंदाजाने वर्ष घालू नका. असा अंदाज पुढे खरा धरला जातो आणि मग तो कुणाला खोडता येत नाही. माती की प्लास्टर हे बघायला नखाने खरवडू नका. जिथे आधीच टवका उडालाय तिथे आत बघा: पांढराशुभ्र असेल तर प्लास्टर, राखाडी किंवा मातकट असेल तर माती. वहीतला क्रमांक मावळ्याच्या बुडाला शिसपेन्सिलीने अगदी लहान घाला. चिकटपट्टी लावू नका, निघताना ती रंगाचा पापुद्रा घेऊन जाते. फोनवर फोटो काढाल तेव्हा समोरून, पाठीमागून, दोन्ही अंगांनी आणि बुडाचाही काढा. शेजारी पट्टी ठेवा. आणि जे मावळे मनातून नावडते आहेत त्यांचीही पानं भरा.

मग एक काम आहे, आणि ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तुमच्याच गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, गौरीगणपती गेल्यावर दिवाळीपर्यंत मावळे ओततात, असं तुम्ही लिहिलंय, आणि तिथून घेतलेले मावळे 'साधे' म्हणून एका खोक्यात वेगळे ठेवलेत. तिथे जा. चतुर्थीच्या आधी नको, तेव्हा त्यांना मान वर करायला फुरसत नसते. विसर्जनं उरकली की जा. साचा कुठला? त्यांनीच घडवला की बाहेरून आणला? प्लास्टरचा आहे की रबरी? शाडूवरून प्लास्टरवर कधी आले, का आले? अंगाचा रंग कोण मारतो, आणि डोळ्यांची आखणी कोण करतं? डोळे बहुधा घरातलं एकच माणूस आखतं, आणि ते माणूस थकलं की मावळ्यांची नजर बदलते. तुमच्या वहीत हे उतरलं तर कुठल्या दिवाळीपासून नजर बदलली तेही तुम्हाला दाखवता येईल. जुन्या साच्यांचे फोटो काढायची परवानगी मागा, पण साचा विकत मागू नका. तो त्यांच्या पोटापाण्याचा आहे.

हे आत्ताच करायला हवं. साचे झिजतात, फुटतात, परसात टाकले जातात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने महाराजांच्या परंपरेतले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात आपल्या किनाऱ्यावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. त्यांचा बुरुज न् बुरुज मोजला जातो, आणि ते योग्यच आहे. पण दर दिवाळीला हजारो अंगणांत पोरं जे किल्ले करतात ते तुळशीच्या लग्नानंतर मातीत मिळतात आणि त्यावरची चित्रं कुठे जातात हे कुणी लिहून ठेवत नाही. तुम्ही एका चित्रापुरतं, एका तालुक्यापुरतं ते लिहू शकता. हा वेडेपणा आहे का, असं विचारलंत ना? नाही. मावळ्यांचे नुसते डबे साठत गेले तर घरच्यांना तो वेडेपणा वाटणारच. वही झाली की त्यांनाही तुम्ही काय करताय ते दिसेल.

आता मुलाबद्दल. पत्रातलं त्याच्याविषयीचं वाक्य तुम्ही घाईने लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. 'मग त्याने किल्लाच केला नाही.' तुम्ही याला रुसवा म्हणता. मला तो रुसवा वाटत नाही. पहारेकरी कपाटात आहेत, आई त्यांना हात लावू देत नाही, आणि बाजारातून कुठलेतरी दुसरे आणायचे, म्हणजे आईच्या लेखी आपला किल्ला दुय्यम, असा त्याने अर्थ काढला असेल. तिसरीतल्या मुलाला एवढं नक्की कळतं.

मुलाच्या हातात गेलं की फुटणार, हे तुम्ही धरून चालला आहात. फुटणार, हे खरंच आहे. किल्ल्यावरचे मावळे फुटतात, परतीच्या पावसात भिजतात, मांजर उडी मारतं, फटाक्याने एखादा उडतो. पण दीडशेच्या दीडशे मावळ्यांना तुम्ही एकच नियम लावलात, तो मला मान्य नाही. वही भरताना दिसेल की त्यातले कितीतरी एकाच साच्यातले, एकाच हाताने रंगवलेले, अगदी जोडीचे आहेत. त्यातला एकेक ठेवा आणि बाकीचे मुलाला द्या. उसने म्हणून देऊ नका, देऊनच टाका. त्याचा वेगळा डबा असू दे, त्यावर त्याचं नाव असू दे. त्यातला एखादा चिखलात विरघळला तर ओरडायचं नाही, आणि दिवाळी संपल्यावर मोजायलाही बसायचं नाही. माहेरचा मावळा आणि ज्यांना जोडीदार नाही ते मावळे मात्र कपाटात राहू देत. त्याला तसं सरळ सांगा. 'हा माझ्या लहानपणीचा आहे, तो मी देणार नाही' हे मुलाला समजतं. 'कशालाच हात लावू नकोस' हे त्याला समजत नाही.

त्याला वहीत घ्या. पट्टी धरून सेंटिमीटर मोजायचं त्याचं वय आहे, त्याचे डोळे तुमच्यापेक्षा तीक्ष्ण आहेत, आणि जोडाची रेघ तो तुमच्याआधी शोधेल. या दिवाळीला बाजारात दोघांनी मिळून जा आणि त्याच्या पसंतीचे दोन सारखे मावळे घ्या, एक किल्ल्याला, एक वहीला. तुम्ही घेतला नसता असाच तो निवडेल. घेऊ द्या.

एक काळजी मात्र घ्या. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे किंवा कुठल्या रंगात रंगवले ते माहीत नसलेले मावळे हाताळल्यावर त्याला हात धुवायला लावा, आणि रंगाचे पापुद्रे निघत असलेले मावळे त्याच्या डब्यात घालू नका. घरी रांगतं मूल येत असेल तर हे मावळे त्याच्या हाताला लागणार नाहीत असे वर ठेवा.

आणि किल्ला दरवेळी डोंगरीच का? समुद्र तुमच्या दाराशी आहे. हर्णैच्या सुवर्णदुर्गाला त्याला घेऊन जा. दरवाजाच्या पायरीवर कासव कोरलंय आणि भिंतीवर मारुती, ते त्याला दाखवा. सिंधुदुर्गाचा दरवाजा तर बुरुजांच्या वळणात असा लपलाय की होडी जवळ जाईपर्यंत कळत नाही. अशा दरवाजात पहारेकरी कुठे उभा करायचा, आत की वळणावर, यावर मायलेकांचं तासभर भांडण होईल. अंगणातली लाल माती आणि चिऱ्याचे तुकडे हाताशी आहेतच. भोवती पाणी ठेवायचं असेल तर एक काळजी घ्या: मावळा ओल्या मातीत रोवू नका. माती काय, प्लास्टर काय, दोन्ही बुडातून ओल शोषतात आणि रंग पायापासून सुटायला लागतो. कौलाचा चपटा तुकडा ठेवून त्यावर उभा करा. रात्री आणि ढग आले की आत आणा. हे काम मुलावर सोपवा.

सासूबाईंचं म्हणणं तुम्ही विरोध म्हणून लिहिलंय. मला ते अगदी रास्त वाटतं. सणाची वस्तू सणाला दिसली पाहिजे. मग दाखवा ना. वसुबारसेला खोकी खाली काढा, पडवीत फळ्या लावा आणि तुळशीच्या लग्नापर्यंत सगळे मावळे ओळीने मांडा, साच्याप्रमाणे, बुटक्यापासून उंचापर्यंत. पाडव्याला, भाऊबीजेला येणारे-जाणारे बघतील. त्यातला कुणीतरी 'आमच्याकडे असा होता' म्हणेल आणि तुमच्या वहीत एक पान वाढेल. सासूबाईंना विचारा, त्यांच्या लहानपणी किल्ल्यावर काय मांडायचे. विकतची चित्रं होती, की घरच्या मातीची करायचे? त्यांचं उत्तर वहीत पहिल्या पानावर जायला हवं.

त्या १,८०० रुपयांचं घरात सांगून टाका. पैसे तुमच्या शिकवणीचे आहेत, त्यांवर तुमचा हक्क आहे, हे मान्य. पण लपवून आणलेला तो मावळा तुम्हाला पडवीतल्या फळीवर मांडता येणार नाही, आणि यजमान हसतील या भीतीने तुम्ही पुढचाही लपवाल. पुढची खरेदी करण्याआधी, एखाद्या साध्या संध्याकाळी, आकडा सांगा, का घेतला तेही सांगा. ते हसले तर हसू द्या. त्याच वेळी वर्षाला किती खर्च करणार तेही ठरवून टाका, म्हणजे दर वेळी मनात अपराध्यासारखं वाटायला नको.

'दुर्मिळ' या शब्दाचाही विचार करा. ज्याची यादीच नाही त्यातला एखादा दुर्मिळ आहे हे विक्रेत्याला कुठून कळलं? तसं सांगायला त्याच्याकडे काहीच आधार नाही. जुनेपणाही सहज आणता येतो, चहाच्या पाण्यात बुडवलेलं प्लास्टर छान मळकं दिसतं. इथून पुढे फोनवरून घ्यायची वेळ आलीच तर बुडाचा आणि पाठीचा फोटो मागा, कुठल्या गावात, कुणाच्या घरी मिळाला ते विचारा. उत्तर आलं नाही तर घेऊ नका. खरं सांगायचं तर पुढचं वर्षभर मुलाच्या निवडीचे दोन आणि आजींचा तो हिराच्या भाल्याचा एक सोडला तर काहीच घेऊ नका. आहेत त्यांची वही आधी होऊ द्या.

बुरशीचं तातडीचं आहे, आणि इतर वाचकांनाही ते लागेल म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, त्यात खारी हवा. बंद खोकं चार महिने उघडलं नाही तर बुरशी धरणारच. ती धुळीवर, डिंकावर, कागदावर पोसते. म्हणून मावळे वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो आणि छपाईची शाई रंगाला लागते. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून तर मुळीच ठेवू नका. जुनं, मऊ, सुती कापड घ्या, पण खळ नसलेलं, खळीवरही बुरशी येते. खोकं जमिनीवर किंवा पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला टेकून नको, आतल्या भिंतीच्या कपाटात मधल्या-वरच्या फळीवर ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्या अधूनमधून सुकवून घ्या. डांबराच्या गोळ्या नकोत. त्या काही प्रकारचं प्लास्टिक मऊ करतात, आणि अलीकडच्या मावळ्यांत प्लास्टिकचेही असतील. पावसाळ्यात उघडीप मिळेल त्या दिवशी खोकी उघडून वारा लागू द्या.

बुरशी आलेले मावळे बाहेर सावलीत न्या, नाकाला फडकं बांधा आणि कोरड्या मऊ कुंचल्याने हलकेच झाडा. ओलं फडकं नको, स्पिरिट नको, फिनेल नको. कच्च्या शाडूला पाणी लागलं की ती विरघळते, आणि कुठल्या रंगात काय मिसळलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. मग ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात वाऱ्याला, पण सावलीत, दोन-तीन दिवस ठेवा. थेट उन्हात रंग विटतो. ज्यांचे भाले तारेचे आहेत त्यांच्या मुठी बघा. गंज चढला की तार फुगते आणि मूठ आतून तडकते. तडा दिसला तर तार ओढून काढायच्या भानगडीत पडू नका. तसाच कोरडा ठेवा आणि त्याच्या पानावर नोंद करा.

सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं, भातुकली किंवा गणपतीपुढचे लहान उंदीर जमवणाऱ्यांनी अधूनमधून पत्रं लिहिली आहेत. लाकडाला ओलीबरोबर कीडही लागते, म्हणून त्याच्या बुडाशी बारीक भोकं आणि भुगा दिसतो का ते बघत राहा. बाकी साफसफाई, कापड, नोंद हे सगळं त्यांनाही लागू आहे.

ताई, गौरीगणपती झाल्यावर पहिल्या दहा मावळ्यांची पानं भरून मला पाठवा, पाठीच्या फोटोंसकट. साच्यांची विभागणी जमतेय का ते आपण मिळून बघू. आणि ज्या वाचकांच्या घरी दिवाळीच्या डब्यात असा भालेवाला पहारेकरी पडून असेल त्यांनी त्याची उंची, जोडाची रेघ कुठून जाते, आणि तो कुठल्या बाजारातून आला एवढं कळवावं. प्लास्टरचा असेल तर तसं लिहा, मातीचा असेल तर जरा लवकर कळवा.